उतावळा वेगळा, थरारवेडा वेगळा

व्यसनावरचा लेख असो की शाळेतलं व्याख्यान, एक वाक्य ठरलेलं असतं: ‘अशी मुलं मुळातच उतावळी आणि थरारवेडी असतात.’ त्यातला तो ‘आणि’ मला दर वेळी खटकतो. हे दोन निराळे स्वभाव आहेत, आणि मेंदूत त्यांचे धागेही निराळ्या जागी जुळतात.

थरारवेड्याला सगळेच ओळखतात. त्याला नवं, तीव्र, जरा धोक्याचं काहीतरी हवं असतं. त्याबद्दल जास्त सांगायला नको.

दोघंही धोका पत्करताना दिसतात, तिथून घोळ सुरू होतो. कोकणकड्यावरून दोरावर उतरणाऱ्या मुलीकडे नीट पाहा. हार्नेसचं बक्कल ती दोनदा तपासते, गाठ सोबत्यालाही बघायला लावते, ढग भरून आले तर उतरणं रद्द करते. थरार तिला हवाच आहे, पण थांबणं तिच्या हातात आहे. उतावळ्याचं नेमकं तिथेच अडतं. तो समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर देतो, पगार हातात पडताच नको ती वस्तू घेऊन येतो, आणि थांबायला हवं होतं हे त्याला नंतर कळतं. गुडघ्याला बाशिंग बांधणारा नवरा काही थरार शोधत नसतो, त्याला धीर धरवत नाही.

हे थांबणं मोजता येतं. पडद्यावर बाण येतो: डावा असेल तर डावं बटण दाबायचं, उजवा असेल तर उजवं. मध्येच कधीतरी बीप वाजते, म्हणजे आता दाबायचं नाही. बोट तर निघालेलं असतं. ते आवरायला किती वेळ लागतो, तो उतावळेपणाचा एक मोजता येणारा पुरावा. केंब्रिजच्या कॅरेन एर्शे यांच्या गटाने ही चाचणी कोकेनसारख्या उत्तेजक द्रव्यांच्या आहारी गेलेल्यांना दिली, आणि त्यांच्या व्यसन नसलेल्या सख्ख्या भावंडांनाही. २०१२ साली निष्कर्ष आला: भावंडांनाही बोट आवरायला जास्त वेळ लागत होता. कपाळामागे उजव्या बाजूला, आवर घालणाऱ्या भागाजवळचे जोडतंतू दोघांतही कमकुवत होते. सवयी रुजवण्यात वाटा असलेला मेंदूचा भाग, पुटामेन, दोघांतही मोठा होता. म्हणून व्यसनी माणसाचा स्कॅन दाखवून ‘बघा, ड्रग्जनी मेंदूचं काय केलं’ असं कुणी म्हणालं की मला राहवत नाही. त्यातलं काही आधीपासूनचं असू शकतं. आणि तसाच मेंदू घेऊन ती भावंडं व्यसनाबाहेर राहिली आहेत, हे तर कुणी सांगतच नाही.

थराराचं चित्र वेगळं निघालं. याच गटाच्या २०१० च्या अभ्यासात भावंडांचे उतावळेपणाचे गुण इतरांपेक्षा जास्त होते, थराराच्या ओढीचे नव्हते. २०१३ मध्ये त्यांनी अधूनमधून कोकेन घेणारे, पण व्यसन न जडलेले लोकही तपासले. थराराची ओढ त्यांच्यातही वाढलेली होती आणि व्यसनींमध्येही. तिचा संबंध दिसला तो डोळ्यांच्या खोबणीवरच्या मेंदूच्या भागाशी.

प्रश्नावल्याही दोन आहेत: उतावळेपणासाठी मानसशास्त्रज्ञ बॅरट यांची ३० प्रश्नांची, थरारासाठी मानसशास्त्रज्ञ झुकरमन यांची ४० प्रश्नांची. काही जण थराराची ओढ उतावळेपणाचाच एक पोटप्रकार धरतात. मला ते अजिबात पटत नाही. दोघांचे रकाने वेगळेच ठेवावेत.

न पटणाऱ्यांना मी उंदरांचा प्रयोग सांगतो, २००८ चा, तोही केंब्रिजचाच. नव्या जागेत सोडल्यावर भिरभिर फिरणारे, म्हणजे थरारवेड्यांसारखे, उंदीर कोकेन घ्यायला लवकर शिकले. दिवा लागल्यावरच भोकात नाक खुपसायचं, असं शिकवलेलं असताना वाट न बघता खुपसणारे, म्हणजे उतावळे, उंदीर वेगळे होते. पुढे कोकेन घेताना पायाला विजेचा झटका बसू लागला, तरी हे उतावळे घेतच राहिले.