मूल हॉस्पिटलच्या बेडवरून पडेल का, हे मोजतात कसं?

मूल अ‍ॅडमिट झालं आणि सिस्टरनी 'पडण्याचा धोका जास्त' असा टॅग लावला की आईबाबा घाबरून जातात, आणि टॅग नसला की एकदम निर्धास्त. दोन्ही चूक आहे. तो टॅग ज्या आकड्यावरून लागतो, तो येतो कुठून ते बघू.

मुलांसाठी बऱ्याच ठिकाणी हम्प्टी डम्प्टी स्केल वापरतात, अमेरिकेत मायामीच्या एका मुलांच्या हॉस्पिटलमध्ये बनलेलं. सात गोष्टींचे मार्क असतात: वय, मुलगा की मुलगी, आजार, समज, बेड वगैरे व्यवस्था, ऑपरेशन किंवा भूल होऊन किती वेळ झाला, आणि औषधं. कमीत कमी ७, जास्तीत जास्त २३. १२ किंवा वर गेलं की धोका जास्त.

आता दोन वर्षांचा मुलगा घ्या, साधा ताप, कठड्याच्या क्रिबमध्ये झोपलेला. वयाचे ४, मुलगा म्हणून २, आजाराचा १, आपल्याला काय झेपत नाही हे कळत नाही त्याचे ३, क्रिबचे ३, उरलेल्या दोन्हींचा एकेक. झाले १५! म्हणजे या वयाचं जवळपास प्रत्येक मूल टॅगवालं. २००९ च्या अभ्यासात पडलेल्या मुलांपैकी ८५ टक्के स्केलनी बरोबर पकडली होती, पण जी पडलीच नाहीत त्यांतल्याही साधारण चारातल्या तिघांना 'जास्त धोका' मिळाला होता.

उलट चौदा वर्षांची मुलगी, सकाळीच अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, मॉर्फिन (गुंगी आणणारं, दुखणं थांबवणारं औषध) चालू. वय १, मुलगी १, आजार १, समज १, बेड २, भूल २४ तासांच्या आतली म्हणून ३, औषध २. एकूण ११, म्हणजे कमी धोका! आणि मला काळजी वाटते ती हिचीच. आपण उभे राहतो तेव्हा अर्धा लिटरच्या आसपास रक्त पाय आणि पोटाकडे उतरतं, मानेतल्या धमनीतले रक्तदाब ओळखणारे सेन्सर ते लगेच टिपतात, मेंदू हृदयाचे ठोके वाढवतो, रक्तवाहिन्या आवळतो, सगळं काही सेकंदांत. मॉर्फिन आणि भुलीचा उरलेला अंमल हीच साखळी मंद करतात, त्यात उपाशी पोट आणि शरीरात पाणी कमी, मग बाथरूमला जायला झटकन उठली की डोळ्यांपुढे अंधारी येते.

हल्ली एआय कॅमेरा पडण्याआधीच सांगेल अशा जाहिराती येतात, पण कॅमेरा काही धरायला येत नाही. आणि बरीच मुलं पडतात ती आईबाबा शेजारी असतानाच, कठडा खाली करून 'एक मिनिट' पाठ वळवली तेवढ्यात. म्हणून कठडा वर लावून तो नीट अडकला का हे हलवून बघा, भुलीनंतर पहिल्यांदा उठवताना सिस्टरला बोलवा, आधी पाय खाली सोडून थोडा वेळ बसवा, चक्कर नाही ना विचारा आणि मगच उभं करा. गुंगीचं नवीन औषध सुरू झालं तर मार्क परत मोजायला सांगा, सकाळचा आकडा संध्याकाळी लागू असेलच असं नाही.