इंटेल ८०८६ : कामचलाऊ चिपची बाजी

१९७६ साली इंटेलचा सगळा जीव एका भल्यामोठ्या प्रकल्पात अडकला होता. बाजारातल्या बाकी सगळ्या मायक्रोप्रोसेसरना जुनाट ठरवील असा ३२ बिटांचा प्रोसेसर कंपनीला काढायचा होता. पुढे त्याचं नाव आयएपीएक्स ४३२ झालं. पण काम लांबत चाललं होतं. तेवढ्यात इंटेल सोडून गेलेल्या फेदेरिको फॅजिन यांच्या झायलॉग कंपनीने झेड-८० आणला. इंटेलच्या ८०८० या आधीच्या प्रोसेसरसाठी लिहिलेले प्रोग्राम तो जसेच्या तसे चालवायचा आणि वर चार सोयी जास्त द्यायचा. मोठी चिप येईपर्यंत दुकानात काहीतरी मांडून ठेवणं भाग होतं. म्हणून मे १९७६ मध्ये एक कामचलाऊ चिप, म्हणजेच ८०८६, आखायचं ठरलं आणि आखणीचं काम स्टीफन मोर्स या एकट्या माणसाकडे आलं.

मोर्स सॉफ्टवेअरमधले. तोवर इंटेलमध्ये प्रोसेसर कसा असावा हे हार्डवेअरचे इंजिनिअर ठरवत. सिलिकॉनवर जागा किती उरली आहे ते बघून आज्ञा घातल्या जात. मोर्स यांनी उलट बाजूने सुरुवात केली. प्रोग्राम लिहिणाऱ्याला काय लागतं, ते आधी पाहिलं. ८०८० मध्ये गुणाकार-भागाकाराची आज्ञाच नव्हती, बेरजा करकरून गुणावं लागायचं. ८०८६ मध्ये दोन्ही आल्या. १६ बिटांच्या गुणाकाराला चिपला ताल देणाऱ्या घड्याळाचे सव्वाशेच्या आसपास ठोके लागायचे, हे आज हास्यास्पद वाटेल. पण आज्ञा होती हे महत्त्वाचं.

एक अट मात्र वरून आली होती. ८०८० चे जुने प्रोग्राम वाया जाता कामा नयेत. नव्या चिपवर ते थेट चालले नाहीत तरी चालेल, पण एका यांत्रिक भाषांतरातून त्यांना पार करता यायला हवं. या अटीमुळे ८०८६ च्या पोटात बरंच जुनं सामान राहिलं, आणि त्याचं मूळ शोधत गेलं तर आपण इंटेलच्याही बाहेर पोचतो. ८०८० हा ८००८ चा वारस. ८००८ ची आखणी टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या एका कंपनीने आपल्या डेटापॉइंट २२०० या टर्मिनलसाठी केलेली. ते टर्मिनल एका वेळी एकच बिट हाताळायचं. बेरीज करताना आपणही एकं स्थानापासून सुरुवात करतो, हातचा पुढे नेतो. तसंच तेही करायचं, म्हणून मोठी संख्या साठवताना त्याला आधी लहान बाजूचा बाइट हवा असे. आज तुमच्या लॅपटॉपमध्ये इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असेल, तर तोही संख्या उलट्या क्रमानेच साठवतो. कारण विचाराल तर ते टर्मिनल.

८ जून १९७८ रोजी ८०८६ बाजारात आला. सुमारे २९,००० ट्रान्झिस्टर, ५ मेगाहर्ट्झ वेग, चाळीस पिना, किंमत ३६० डॉलर.

महाराष्ट्रात इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटरचा डिप्लोमा-डिग्री केलेल्या कितीतरी जणांच्या डोळ्यांपुढे त्या चाळीस पिनांची आकृती अजून येत असेल. 'एट्टी एट्टी-सिक्स' हा पेपरातला हक्काचा प्रश्न, आणि त्यातही 'फिजिकल अ‍ॅड्रेस काढा' हे हमखास येणारं गणित. ते गणित असं का आहे, हे मात्र वर्गात क्वचितच कुणी सांगतं. रजिस्टर, म्हणजे चिपच्या आत आकडे धरून ठेवायचे कप्पे, १६ बिटांचे. १६ बिटांत ६५,५३६ च्या पुढे मोजता येत नाही, म्हणजे एका रजिस्टरमधून ६४ किलोबाइट मेमरीच गाठता येते. मोर्स यांना मेगाबाइटभर मेमरी हवी होती आणि तिच्यासाठी पत्ता २० बिटांचा लागतो. मग त्यांनी दोन रजिस्टर एकत्र लावले. एक सेगमेंटचा, दुसरा ऑफसेटचा. सेगमेंटला सोळाने गुणायचं आणि त्यात ऑफसेट मिळवायचा. दहाऐवजी सोळाच्या पटीत मोजायच्या (हेक्झाडेसिमल) पद्धतीत सोळाने गुणणं म्हणजे शेवटी शून्य जोडणं. सेगमेंट १२३४ आणि ऑफसेट ००१० असेल तर १२३४० अधिक १०, म्हणजे १२३५०.

आता सेगमेंट १२३५ आणि ऑफसेट ०००० घेऊन पाहा. उत्तर पुन्हा १२३५०. ही मेमरी म्हणजे अशी वस्ती, जिथे दर सोळाव्या घरापाशी नवी गल्ली सुरू होते आणि प्रत्येक गल्ली ६५,५३६ घरं लांब असते. गल्ल्या एकमेकींवर चढलेल्या, त्यामुळे एकाच घराचे ४,०९६ पर्यंत वेगवेगळे पत्ते. पोस्टमनला त्रास नाही, कारण बेरीज केली की घर सापडतं. त्रास प्रोग्रामरला. दोन पत्ते वेगळे दिसतात म्हणून घरं वेगळी आहेत असं धरता येत नाही, आणि ६४ किलोबाइटपेक्षा मोठी यादी ठेवायची तर मध्येच गल्ली बदलावी लागते. डॉसच्या काळात सी भाषेत ज्यांनी काम केलं आहे, त्यांना 'निअर' आणि 'फार' पॉइंटरचा, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या पत्त्यांचा, छळ आठवत असेल. तो सगळा इथूनच आलेला.

मोर्स यांना दोष देणं सोपं आहे, पण मला ते पटत नाही. थोड्या वर्षांसाठी तग धरायची चिप होती ही. मेगाबाइट ही त्या वेळी प्रचंड मेमरी वाटायची, आणि चाळीस पिनांच्या खोक्यात पत्त्याच्या तारा आणि डेटाच्या तारा सोळा जागी एकाच पिनेवर बसवाव्या लागल्या होत्या. ६४ किलोबाइटच्या आत राहणाऱ्या छोट्या प्रोग्रामला तर सेगमेंटचा पत्ताही लागत नसे. अडचणीच्या जागेत केलेली ती शहाणी जुळवाजुळव होती.

बाजारात मात्र लगेच उड्या पडल्या नाहीत. १९७९ मध्ये मोटोरोलाची ६८००० आली आणि इंटेलच्या विक्रेत्यांना घाम फुटला. तिचे रजिस्टर ३२ बिटांचे, पत्ता सरळ २४ बिटांचा, १६ मेगाबाइटपर्यंत बेधडक पोचणारा, गल्ल्याबिल्ल्या काही नाहीत. तिला ६४ पिना होत्या. मोटोरोलाने खोकंच मोठं केलं होतं. कागदावर दोन्ही चिप शेजारी ठेवल्या तर कुठलाही प्रोग्रामर ६८००० उचलेल. मीही तीच उचलली असती.

१९७९ च्या अखेरीस इंटेलच्या विक्री विभागातून वरिष्ठांकडे हताश संदेश गेले, आणि इंटेलचे अधिकारी बिल डॅविडो यांच्या पुढाकाराने एक मोहीम आखली गेली. तिचं नाव 'ऑपरेशन क्रश'. ८०८६ ही ६८००० पेक्षा सरस आहे असं म्हणण्यात अर्थ नव्हता, ते कुणालाच पटलं नसतं. म्हणून त्यांनी चिपबद्दल बोलणंच कमी केलं. आमच्याकडे माहितीपुस्तकं तयार आहेत, प्रोग्राम तपासायची यंत्रं आहेत, सोबतीच्या चिप आहेत, अपूर्णांकी गणितं करणारी ८०८७ येते आहे, पुढच्या पाच वर्षांत काय येणार त्याचा आराखडाही हा घ्या, असं ते गिऱ्हाइकाला सांगू लागले. विकत घेणारा इंजिनिअर नसून त्याचा व्यवस्थापक आहे, हे त्यांनी ओळखलं. आपली चिप कुणाच्या तरी यंत्रात बसणं, असे २,००० सौदे वर्षभरात मिळवायचं लक्ष्य होतं. ते साधलं तर विक्रेत्यांना ताहितीची सहल. १९८० संपता संपता आकडा अडीच हजारांच्या आसपास गेला.

त्यातला एक सौदा फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथल्या आयबीएमच्या एका लहानशा गटाशी झाला. या गटाला वर्षभरात एक स्वस्त घरगुती-कचेरीतला कॉम्प्युटर बनवायचा होता आणि वेळ वाचवण्यासाठी सगळे भाग बाजारातून उचलायचे होते. त्यांनी ८०८६ घेतलाच नाही. घेतला त्याचा धाकटा भाऊ, १९७९ चा ८०८८. आतून दोघे जवळजवळ सारखेच. फरक इतकाच की ८०८८ बाहेरच्या जगाशी १६ ऐवजी ८ बिटांनीच बोलायचा. त्यामुळे ८ बिटांच्या जमान्यातल्या स्वस्त, मुबलक चिप त्याच्या भोवती जोडता येत आणि मेमरीच्या चिपही कमी लागत. आयबीएमच्या त्या लोकांनी आधी इंटेलचाच ८०८५ वापरलेला होता, हात बसलेला होता. आणि ६८००० हव्या त्या वेळी हव्या तितक्या संख्येने मिळेल याचा भरवसा नव्हता.

या काटकसरीची किंमत वेगात मोजावी लागली. ८०८८ ला मेमरीतून एक बाइट आणायला घड्याळाचे चार ठोके लागत. दोन रजिस्टरांची बेरीज तीन ठोक्यांत व्हायची, पण ती आज्ञाच दोन बाइटांची, म्हणजे आणायला आठ ठोके. पुढचे चार बाइट आधीच आणून ठेवायची रांग आत होती खरी, तरी गणित करणारा भाग पुष्कळदा हात जोडून आज्ञेची वाट बघत बसायचा. त्यात घड्याळही ५ मेगाहर्ट्झचं नव्हतं. अमेरिकी रंगीत टीव्हीच्या संकेतासाठी १४.३१८ मेगाहर्ट्झचा स्फटिक लागणारच होता. त्यालाच तिनाने भागून ४.७७ मेगाहर्ट्झ काढले आणि एक स्फटिक वाचवला.

१२ ऑगस्ट १९८१ रोजी आयबीएम पीसी आला, सर्वांत स्वस्त प्रकार १,५६५ डॉलरला. पुढचं सगळ्यांना माहीत आहे. ८०८८ कुणालाही विकत मिळत होता, म्हणून नकला निघाल्या. अशी नक्कल बनवणाऱ्या कॉम्पॅक कंपनीने १९८३ या पहिल्याच वर्षी ५३,००० यंत्रं विकून ११.१ कोटी डॉलर कमावले. चिप पुरवणारा दुसराही कारखाना हवा या आयबीएमच्या आग्रहामुळे इंटेलला एएमडीशी करार करावा लागला, आणि आज तीच एएमडी इंटेलच्या नाकी नऊ आणते आहे. ज्या चिपची वाट बघत हे सारं झालं ती आयएपीएक्स ४३२ देखील १९८१ मध्येच आली. इतकी संथ निघाली की कुणी विचारली नाही.

कामचलाऊ चिपचे व्रण मग सगळ्यांच्या माथी आले. एक मेगाबाइटच्या टोकापुढचा पत्ता मागितला की ८०८६ गुपचूप शून्यावर परतायचा. काही प्रोग्राम याच विचित्रपणावर विसंबून होते. १९८४ च्या आयबीएम एटी या पुढच्या पीसीमध्ये १६ मेगाबाइट गाठणारा ८०२८६ बसला तेव्हा ते प्रोग्राम मोडू नयेत म्हणून पत्त्याची एकविसावी तार बंद-चालू करायची सोय करावी लागली. आणि ती सोय कुठे केली? कीबोर्ड सांभाळणाऱ्या चिपमध्ये, कारण तिथे एक पिन रिकामी होती!

माझा सर्वांत आवडता व्रण याहून बारीक आहे. प्रोग्रामची कामचलाऊ टिपणं ठेवायची जागा, म्हणजे स्टॅक, बदलायची तर सेगमेंट आणि ऑफसेट असे दोन आकडे एकामागून एक बदलावे लागतात. सुरुवातीच्या ८०८८ मध्ये पहिला आकडा बदलून दुसरा बदलण्याआधीच बाहेरून व्यत्यय (कीबोर्डसारख्या भागाची तातडीची हाक) आला, तर चिप अर्धवट पत्त्यावर लिहून मोकळी व्हायची आणि यंत्र कोलमडायचं. इंटेलने दुरुस्ती केली: स्टॅकचा सेगमेंट बदलला की पुढची एक आज्ञा पुरी होईपर्यंत व्यत्यय थांबवायचा. हा नियम आजही पाळला जातो. मे २०१८ मध्ये उघड झालं की विंडोज, लिनक्स आणि मॅकओएस या तिन्हींच्या कर्त्यांनी या जुन्या नियमाचा एक कोपरा नीट समजून घेतला नव्हता, आणि त्यातून सुरक्षेला भोक पडलं होतं. तिघांनाही घाईघाईने दुरुस्त्या काढाव्या लागल्या.

हे ओझं उतरवायचा प्रयत्न इंटेलनेही करून पाहिला. या घराण्याचा प्रोसेसर चालू होताना पहिल्या क्षणी १६ बिटांचा जुना ८०८६ असल्यासारखाच उठतो आणि मग पायरी-पायरीने ६४ बिटांपर्यंत चढतो. २०२३ मध्ये इंटेलने ही जुनी अवस्थाच काढून टाकायचा प्रस्ताव मांडला. २०२४ च्या डिसेंबरमध्ये तो बाजूला ठेवला.