नागपूरचे ऊन आणि स्क्रीनमधली हवेची फट

मे २०२४ च्या अखेरीस नागपूरच्या एका स्वयंचलित हवामान केंद्राने ५६ अंश सेल्सिअस तापमान दाखवले आणि ती बातमी पाहता पाहता देशभर पसरली. संवेदकात बिघाड झाल्यामुळे तो आकडा आला होता, असे हवामान विभागाने लवकरच स्पष्ट केले; शहराचा अधिकृत उच्चांक २३ मे २०१३ रोजी नोंदवलेल्या ४७.९ अंशांचाच आहे. मात्र हे तापमान सावलीतल्या हवेचे असते, ही गोष्ट अशा चर्चेत हमखास निसटते. नागपूरच्या हवेने ५६ अंश गाठले नसले, तरी उन्हात ठेवलेल्या काळ्या टॅबलेटची पाठ दर उन्हाळ्यात तेवढी सहज तापते.

आपल्याकडे अशी उपकरणे घेऊन उन्हात काम करणारे लोक पुष्कळ आहेत. पेंचमधले वनरक्षक आपल्या गस्तीची नोंद ‘एम-स्ट्राइप्स’ या ॲपवर करतात, तर ११२ क्रमांकावर आलेला मदतीचा कॉल पोलिसांच्या गाडीतल्या मोबाईल डेटा टर्मिनलवर दिसतो. भर दुपारी जमिनीवर दर चौरस मीटरला सुमारे १,००० वॅट सौरऊर्जा पडते. दहा इंची टॅबलेटच्या स्क्रीनचे क्षेत्रफळ साधारण ०.०३ चौरस मीटर धरले, तर तिच्यावर सुमारे ३० वॅट ऊर्जा येते आणि स्क्रीन काळी असल्याने त्यातली बरीचशी शोषली जाते. टॅबलेट स्वतः वापरतो ती वीज साधारण ५ ते १० वॅट, म्हणजे आतल्या प्रोसेसरपेक्षा कितीतरी जास्त उष्णता त्याला बाहेरून मिळते. त्यातच धूळ आणि पाणी रोखण्यासाठी रग्ड, म्हणजे खडतर वापरासाठी बनवलेले, उपकरण पूर्ण बंद केलेले असते. त्याला पंखा नसतो, त्यामुळे आतली उष्णता धातूच्या सांगाड्यातूनच बाहेर काढावी लागते.

उन्हात स्क्रीन दिसत नसेल तर आपण ब्राइटनेस वाढवतो, आणि विक्रेतेही ‘इतके निट्स’ असा आकडा पुढे करतात. निट हे प्रकाशमानतेचे एकक आहे. मात्र ब्राइटनेस वाढवला की वीज वाढते, विजेबरोबर उष्णता वाढते आणि ठराविक मर्यादेनंतर उपकरण स्वतःला वाचवण्यासाठी तीच स्क्रीन मंद करते. उपाय आणि अडचण अशी एकमेकांत गुंतलेली असताना मूळ कारणाकडे पाहायला हवे. उन्हात स्क्रीनचा उजेड कमी झालेला नसतो. तिच्यावर बाहेरच्या उजेडाचे प्रतिबिंब चढलेले असते.

प्रकाश हवेतून काचेत शिरताना थोडा परत फिरतो. किती फिरतो, हे एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात फ्रेंच शास्त्रज्ञ फ्रेनेल याने गणिताने दाखवून दिले. प्रकाश सरळ पडत असेल, तर दोन माध्यमांच्या अपवर्तनांकांच्या (माध्यमात प्रकाश किती पट मंदावतो, तो आकडा) वजाबाकीला त्यांच्या बेरजेने भागायचे आणि उत्तराचा वर्ग करायचा. हवेचा अपवर्तनांक १ आणि काचेचा १.५, म्हणजे ०.५ भागिले २.५, आणि त्याचा वर्ग ०.०४. दर पृष्ठभागामागे ४ टक्के प्रकाश परततो. आता साध्या टॅबलेटची रचना पाहू. वर संरक्षक काच, खाली प्रत्यक्ष चित्र दाखवणारे पॅनेल आणि दोहोंच्या मध्ये हवेची बारीक फट. त्यामुळे काचेची वरची बाजू, तिचीच खालची बाजू आणि पॅनेलची वरची बाजू असे हवेला भिडणारे तीन पृष्ठभाग होतात. एकूण परावर्तन ढोबळमानाने १२ टक्के.

हा आकडा किरकोळ वाटतो, पण समोर काय आहे ते पाहा. भर उन्हाचा प्रकाश सुमारे १,००,००० लक्स असतो; लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक. त्या उन्हात उभ्या असलेल्या शिपायाचा खाकी सदरा त्यातला ३० टक्के परावर्तित करतो असे धरले, तर सदऱ्याची प्रकाशमानता जवळपास १०,००० निट होते. टॅबलेट हातात घेतल्यावर स्क्रीनमध्ये प्रतिबिंब उमटते ते याच सदऱ्याचे, आणि त्याचे १२ टक्के म्हणजे १,२०० निट! स्क्रीनची स्वतःची पांढरी अक्षरे ५०० निटची असतील, तर डोळ्यांना पांढरे १,७०० आणि काळे १,२०० निटचे दिसते. काळ्याच्या जेमतेम १.४ पट पांढरे, मग मदतीच्या कॉलचा पत्ता वाचायचा कसा?

हवेची फट काढून तिथे काचेच्याच जवळपास अपवर्तनांकाचा पारदर्शक सिलिकोन किंवा ॲक्रिलिक थर भरला की आतले दोन्ही पृष्ठभाग प्रकाशाच्या दृष्टीने जवळजवळ नाहीसे होतात. ग्लिसरीनमध्ये बुडवलेली काचेची कांडी दिसेनाशी होते, त्यामागचे कारण हेच. या पद्धतीला ऑप्टिकल बाँडिंग म्हणतात. परावर्तन १२ वरून ४ टक्क्यांवर येते, प्रतिबिंब ४०० निटचे उरते आणि पांढऱ्या-काळ्याचे गुणोत्तर २.२५ होते. वरच्या पृष्ठभागावर परावर्तनरोधक लेप दिला तर आणखी फायदा होतो. मॅग्नेशियम फ्लोराईडचा एकच थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे त्या थरातल्या हिरव्या प्रकाशाच्या तरंगलांबीच्या एक चतुर्थांश असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या बाजूने परतणाऱ्या लहरी अर्ध्या तरंगलांबीने मागेपुढे होऊन एकमेकींना बऱ्याच अंशी मारतात. असे अनेक थर दिले की परावर्तन १ टक्क्यापर्यंत उतरते आणि गुणोत्तर ६ वर जाते. फट तशीच ठेवून नुसत्या ब्राइटनेसने ६ गाठायचे ठरवले, तर स्क्रीन ६,००० निटची, म्हणजे बारापट प्रखर करावी लागेल. ती उष्णता कोणताही बंद डबा बाहेर टाकू शकणार नाही.

आजच्या बहुतेक स्मार्टफोनमध्ये ही फट नसते. ती आढळते स्वस्त टॅबलेटमध्ये आणि गाडीत बसवायच्या काही मॉनिटरमध्ये. बाँडिंगचा तोटाही सांगायला हवा. काच फुटली तर बहुधा पॅनेलसकट सगळे बदलावे लागते.

तापलेला फोन फ्रिजमध्ये ठेवण्याचा सल्ला दर उन्हाळ्यात फिरतो, तो कोणीही मानू नये. थंड झालेला फोन बाहेर काढताच हवेतली वाफ त्याच्यावर आणि सांध्यांतून शिरून आतही दव होऊन बसते. ‘फोन थंड करणारी’ ॲप तर आणखी थोडी वीज खाण्यापलीकडे फारसे काही करत नाहीत. फोन सावलीत, वाऱ्याला ठेवावा आणि चार्जर काढावा. लिथियम-आयन बॅटरी चार्ज करण्याची नेहमीची वरची मर्यादा ४५ अंश असते, आणि मे महिन्यात ती नागपूरची हवाच गाठते.

‘मिलिटरी ग्रेड’ या शिक्क्याने खरेदीदारांनी दिपून जाऊ नये. ‘मिल-एसटीडी-८१०’ हा अमेरिकी संरक्षण खात्याचा चाचण्यांचा संग्रह आहे. त्यातल्या कोणत्या चाचण्या घेतल्या ते उत्पादकाने सांगितल्याशिवाय शिक्क्याला अर्थ नाही. उपकरण पाडून पाहण्याच्या चाचणीत एकूण २६ वेळा पाडायचे असते, पण ते पाच नमुन्यांत वाटून घेण्याची मुभा आहे. निविदेत निट्सबरोबर पृष्ठभागाच्या परावर्तनाची टक्केवारी आणि चार्जिंग चालू असताना किती तापमानाला स्क्रीन मंद होते, हे दोन आकडे मागवावेत, आणि नमुन्याचे उपकरण मे महिन्याच्या दुपारी दोन वाजता झिरो माईलपाशी, खाकी सदरा घातलेल्या माणसाच्या हातात देऊन त्याला त्यावरचा पत्ता वाचायला सांगावे.