जिनसेंगची बाटली उघडण्याआधी

नमस्कार.

गेल्या काही महिन्यांत सील तोडलेल्या जिनसेंगच्या बाटल्या परत घेऊन येणारे ग्राहक वाढले आहेत. कारण जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असते: "डॉक्टर म्हणाले, तुमच्या गोळ्यांबरोबर हे घेऊ नका." डॉक्टरांचे बरोबरच आहे. पण पोटात जाणारी वस्तू एकदा उघडली की ती दुसऱ्या गिऱ्हाइकाला विकणे आम्हाला पटत नाही, त्यामुळे ती परत घेता येत नाही. तुमचे पैसे अडकतात, काउंटरवर शब्दाला शब्द वाढतो, आणि वर्षानुवर्षांची ओळख असलेल्या माणसाला नाही म्हणताना आम्हालाही वाईट वाटते. म्हणून बाटलीबरोबर हे पत्रक देत आहोत. आधी हे वाचा, मग सील तोडा.

हातात नक्की कोणते जिनसेंग आहे?

बाजारात जिनसेंग या एका नावाखाली चार वेगळ्या वनस्पती मिळतात. खरे जिनसेंग म्हणजे पॅनॅक्स जातीच्या झाडाचे मूळ. त्यातले कोरियन म्हणजे पॅनॅक्स जिनसेंग आणि अमेरिकन म्हणजे पॅनॅक्स क्विंक्वेफोलियस. या दोन्हींत जिनसेनोसाइड नावाची द्रव्ये असतात आणि गुण-दोष बहुतेक त्यांच्यामुळेच येतात. कोरियात हे मूळ शेतात साधारण सहा वर्षे वाढवतात. सोलून नुसते वाळवले की पांढरे जिनसेंग, वाफवून वाळवले की लाल. म्हणजे लाल आणि पांढरे ही दोन वेगळी झाडे नव्हेत.

'सैबेरियन जिनसेंग' मात्र वेगळेच झुडूप आहे. ते दूरचे भाऊबंद खरे, पण त्यात जिनसेनोसाइड नसतात. अमेरिकेत २००२ च्या कायद्याने त्याला जिनसेंग म्हणून विकायला बंदी आली. आपल्याकडे तो शब्द अजून लेबलांवर दिसतो.

चौथी आपली अश्वगंधा, म्हणजे आस्कंद. तिला 'इंडियन जिनसेंग' म्हणायची पद्धत पडली आहे, आणि त्यातून काउंटरवर रोज गोंधळ होतो. अश्वगंधा वांगी-टोमॅटोच्या कुळातली, तिचा जिनसेंगशी काही नातेसंबंध नाही. जिनसेंगने काही जणांची झोप उडते, तर अश्वगंधेने काही जणांना गुंगी येते. "दोन्ही एकच, जे स्वस्त असेल ते द्या" असे कोणी म्हणाले की आम्ही तिथेच थांबवतो. अश्वगंधा चांगली आहे, आम्ही स्वतः मुळ्या निवडून दर आठवड्याला दळतो, पण तिची पथ्ये वेगळी. थायरॉइडच्या गोळ्या, झोपेच्या गोळ्या, यकृताचा आजार किंवा गर्भारपण असेल तर तिच्याबद्दलही आधी विचारा.

"बाकी काही गोळ्या नाहीत"

या पत्रकातला हाच भाग सगळ्यांत महत्त्वाचा आहे. घाईत असाल तर निदान एवढा वाचा.

बाटली देण्याआधी आम्ही विचारतो, "रोजच्या काही गोळ्या चालू आहेत का?" दहातले सात-आठ जण "नाही" म्हणतात. खोटे कोणी बोलत नाही. माणूस वर्षानुवर्षे घेत असलेल्या गोळीला गोळी मानतच नाही. ती चहासारखी सवयीची झालेली असते. "बीपीची आहे, पण ती रोजचीच." "शुगरची अर्धी घेतो, ती काय मोजायची?"

मागच्या वर्षी एक निवृत्त शिक्षक आले. अशक्तपणा वाटतो, कोणीतरी जिनसेंग सांगितले, द्या. गोळ्या विचारल्या तर म्हणाले, काही नाही. पैसे द्यायला शर्टाच्या खिशात हात घातला आणि नोटांबरोबर एक छोटी वही बाहेर आली. पानापानावर तारखा आणि पुढे आकडे: २.४, २.७, २.५. ती पीटी-आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते दाखवणाऱ्या तपासणीची वही होती; आकडा जितका कमी, तितके रक्त लवकर गोठते. अकरा वर्षांपूर्वी त्यांची हृदयाची झडप बदललेली. मी म्हटले, "सर, रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे ना?" ते म्हणाले, "हो, पण ती व्हॉल्व्हची आहे. औषध म्हणून दुसरं काही घेत नाही."

त्या दिवशी आम्ही बाटली दिली नाही. सर थोडे नाराज झाले. कारण समजावून सांगितल्यावर त्यांनी ते वहीच्या शेवटच्या पानावर लिहून घेतले. तेच इथे लिहितो.

वॉरफरिन किंवा आपल्याकडे जास्त दिली जाणारी ॲसेनोकुमारॉल या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांचा डोस फार बारकाईने बसवलेला असतो. १९९७ साली अमेरिकेत नोंदलेली एक घटना आहे. कृत्रिम झडप बसवलेल्या, वॉरफरिन घेणाऱ्या ४७ वर्षांच्या एका माणसाने जिनसेंग सुरू केले आणि त्याचा आयएनआर ३.१ वरून १.५ वर आला. जिनसेंग थांबवल्यावर दोन आठवड्यांत तो पुन्हा ३.३ झाला. २००४ साली निरोगी स्वयंसेवकांवर केलेल्या चाचणीतही अमेरिकन जिनसेंगने वॉरफरिनचा असर कमी केल्याचे दिसले. कोरियन जिनसेंगच्या काही चाचण्यांत असा फरक आढळला नाही हेही खरे. पण झडपेवर गुठळी धरली तर थेट पक्षाघातापर्यंत गोष्ट जाते. तिथे "बहुतेक काही होत नाही" या भरवशावर आम्ही बाटली विकणार नाही.

लोकांना वाटते, औषधांची टक्कर म्हणजे अंगावर पुरळ उठेल किंवा पोट बिघडेल. इथे तसे काहीच कळत नाही. माणूस ठणठणीत दिसतो, फक्त वहीतला आकडा घसरत जातो. आणि पुढची तपासणी महिन्यावर असते.

म्हणून एक विनंती. आठवून सांगू नका, दाखवा. डॉक्टरांची चिठ्ठी आणा, नाहीतर मोबाइलवर फोटो आणा. फोटो काढताना स्ट्रिपची नाव छापलेली बाजू घ्या. पुष्कळदा पाचच गोळ्या कापून आणलेल्या असतात, नावाचा भाग केमिस्टकडे राहिलेला असतो आणि आमच्या हाती येते फक्त '…राइड एम १'. त्यावरून अंदाज करता येतो, पण अंदाजावर आम्ही काही देत नाही. मुलगा वडिलांसाठी किंवा सून सासूबाईंसाठी घेणार असेल तर घरी फोन लावून डब्यातल्या सगळ्या गोळ्यांचा फोटो मागवा. पाच मिनिटांचे काम आहे. ते न केल्यामुळे दोन खेपा, एक वाया गेलेली बाटली आणि डॉक्टरांची बोलणी असा खर्च होतो.

आणखी कोणी विचारल्याशिवाय घेऊ नये

मधुमेहाचे औषध घेणारे. जिनसेंगने जेवणानंतरची साखर थोडी उतरते. टोरोंटोच्या चाचण्यांत ३ ग्रॅम अमेरिकन जिनसेंगने हे दिसले होते. ऐकायला छान वाटते, पण इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारखी गोळी चालू असेल तर साखर गरजेपेक्षा खाली जाऊ शकते. घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी असे झाले तर आधी साखर किंवा ग्लुकोज तोंडात टाका. जिनसेंगच्या भरवशावर शुगरची गोळी बंद करणारे एक-दोन जण दर महिन्याला भेटतात. कृपया असे कधीही करू नका.

ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल घेणारे, आणि ज्यांची शस्त्रक्रिया ठरली आहे ते. जिनसेंगमुळे रक्त गोठण्याच्या क्रियेत फरक पडू शकतो, म्हणून शस्त्रक्रियेच्या किमान सात दिवस आधी ते बंद करायला सांगतात. आम्ही दोन आठवडे सांगतो. दाढ काढायची असली तरी दातांच्या डॉक्टरांना सांगा. मोतीबिंदूच्या वेळीही सांगा.

कर्करोगाचे औषध घेणारे. इमॅटिनिब वर्षानुवर्षे विनात्रास घेणाऱ्या एका रुग्णाला जिनसेंग घातलेले एनर्जी ड्रिंक तीनेक महिने प्यायल्यावर यकृताचा त्रास झाल्याची नोंद २०१० साली झाली. ही गोळी घेणारी माणसे आपल्या आसपासही आहेत. अवयव प्रत्यारोपण झालेल्यांनी आणि एचआयव्हीची औषधे घेणाऱ्यांनीही आपल्या डॉक्टरांखेरीज कोणाचे ऐकू नये, अगदी आमचेसुद्धा.

नैराश्यासाठी फेनेलझिनसारख्या जुन्या गटातली गोळी चालू असेल तर जिनसेंगने डोकेदुखी, थरथर आणि अति उत्तेजना झाल्याच्या नोंदी आहेत. गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुले यांना आम्ही जिनसेंग देत नाही. स्तनाच्या किंवा गर्भाशयाच्या गाठीचा इतिहास असेल तरी आधी डॉक्टर.

मग घ्यायचे तरी कशाला?

हा प्रश्न रास्त आहे. विकणारे आम्ही असलो तरी सरळ उत्तर देतो. जिनसेंग हे आजार बरे करणारे औषध नाही. थकव्यावर काही जणांना त्याचा उपयोग होतो. अमेरिकेत कर्करोगाच्या रुग्णांच्या थकव्यावर रोज २००० मिलिग्रॅम अमेरिकन जिनसेंग देऊन पाहिले, तेव्हा आठ आठवड्यांनी फरक दिसला. ते अर्थात डॉक्टरांच्या देखरेखीखाली होते. स्मरणशक्ती वाढते असे जाहिराती सांगतात, त्याला भक्कम पुरावा नाही. पुरुषांच्या ताठरतेच्या तक्रारीवरही फरक अगदी किरकोळ असल्याचे कॉक्रेन या चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणाऱ्या संस्थेच्या २०२१ च्या आढाव्यात म्हटले आहे. ही तक्रार नव्याने सुरू झाली असेल तर आधी साखर आणि हृदय तपासून घ्या. अनेकदा आजाराची पहिली खूण तीच असते. आणि 'मर्दानी ताकदी'च्या नावाने मिळणारी बिनलेबलची पूड कुठूनही घेऊ नका. अशा मालात सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातले औषध, मिसळलेले सापडले आहे. छातीत दुखल्यावर जिभेखाली गोळी ठेवणाऱ्या माणसाचा रक्तदाब त्याने एकदम कोसळू शकतो.

मात्रा सांगायची तर, जर्मनीच्या शासकीय वनौषधी समितीने वाळलेले मूळ दिवसाला १ ते २ ग्रॅम, आणि तेही तीन महिन्यांपर्यंत, असे सांगितले होते. अर्काच्या कॅप्सूल असतील तर चाचण्यांत साधारण २०० ते ४०० मिलिग्रॅम वापरतात. आम्ही नव्या ग्राहकाला ३० दिवसांचीच बाटली देतो. मोठी बाटली स्वस्त पडते हे आम्हालाही ठाऊक आहे. पण सोसते की नाही हे पहिल्या दोन-तीन आठवड्यांत कळते. तोवर तुमचे जास्त पैसे गुंतवण्यात अर्थ नाही. कॅप्सूल सकाळी, न्याहारीनंतर घ्या. झोप न लागणे ही नेहमीची तक्रार, आणि बहुतेक वेळा माणसाने रात्री दुधाबरोबर घेतलेली असते, कारण अश्वगंधा तशी घेतात. दिवसाला चार-पाच कप चहा-कॉफी असेल तर तीही कमी करा. डोके दुखले, छातीत धडधडले, जुलाब झाले किंवा पाळीत फरक पडला तर बंद करा आणि आम्हाला कळवा.

एक राहिलेच. बाजारातल्या पुष्कळ मल्टिव्हिटॅमिन कॅप्सूलमध्ये आधीच जिनसेंग असते. घरात ती चालू असेल आणि वरून आमची बाटली सुरू केली, तर दुप्पट होते. लेबलाच्या मागच्या बारीक अक्षरांत बघा. दिसत नसेल तर घेऊन या, काउंटरवर भिंग ठेवलेले आहे.

भेट आलेल्या बाटल्या

चाकण, रांजणगावच्या कोरियन कंपन्यांत काम करणाऱ्यांना साहेबांकडून लाल जिनसेंगचा डबा भेट मिळतो. आत काळपट, मधासारखा घट्ट अर्क आणि इवलासा चमचा. कोणाची मुलगी अमेरिकेहून पाठवते. वस्तू बहुधा उत्तम असते, पण लेबल वाचता येत नाही, आणि "चमचाभर" म्हणून लोक घरचा चहाचा चमचा घेतात. डब्यातलाच चमचा वापरा. असा डबा घेऊन आलात तर आम्ही लेबल समजावून सांगतो, त्याचे पैसे घेत नाही, मग तो डबा आमच्याकडचा नसला तरी.

आमच्याकडे जिनसेंग महाग का?

कारण आम्ही ठेवतो त्या बाटलीवर चार गोष्टी छापलेल्या असाव्याच लागतात: झाडाचे पूर्ण नाव, मूळ वापरले की आणखी काही, एका कॅप्सूलमध्ये अर्क किती मिलिग्रॅम, आणि त्यात जिनसेनोसाइड किती टक्के. शिवाय एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना क्रमांक. यातले एक जरी नसेल तरी माल परत जातो. नुसते 'जिनसेंग ५०० मिलिग्रॅम' म्हणजे काय, हे आम्हाला कळत नसेल तर तुम्हाला कोणत्या तोंडाने विकणार? चार दुकाने फिरून या, याच चार गोष्टी तिथल्या लेबलांवर शोधा आणि मग ठरवा.

आम्ही विचारतो त्या प्रश्नांचा काहींना राग येतो. "पैसे देतोय ना, मग द्या की" असे ऐकून घ्यावे लागते. पण प्रश्न विचारल्याशिवाय बाटली मिळणार नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर डॉक्टरांच्या लेखी चिठ्ठीशिवायही मिळणार नाही. सील न तोडलेली बाटली मात्र बिलासह सात दिवसांत कधीही आणा, पूर्ण पैसे परत. म्हणजे आज घ्या, उद्या डॉक्टरांना दाखवा आणि ते हो म्हणाले की परवा उघडा.

गोळ्यांची यादी दाखवायला शक्यतो सकाळी दहा ते बारा या वेळात या. तेव्हा गर्दी नसते, निवांत बसून बघता येते. येताना चष्मा आणि गोळ्यांचा डबा, दोन्ही आणा.