तीन अंशांचा वाकडेपणा

आरशासमोर अनवाणी उभे राहा आणि दोन्ही घोटे एकमेकांना चिकटवा. काहींचे गुडघेही एकमेकांना टेकतील. काहींच्या गुडघ्यांमधून दोन बोटं सहज जातील. काहींचे गुडघे आधी भिडतील आणि घोटे जवळ यायला तयारच होणार नाहीत. दुखत-खुपत नसेल तर यातल्या कशालाच आजार म्हणत नाहीत. चेहरेपट्टी वेगळी असते तसे गुडघेही वेगळे, एवढंच. पण गुडघा बदलायची वेळ आली की हाच साधा फरक मोठ्या वादाचा विषय होतो.

आपल्याकडे अशा माणसाबद्दल ‘वाट्या बदलल्या’ म्हणतात. गंमत म्हणजे पुढची वाटी बऱ्याचदा जागेवरच असते. बदलतात ती तिच्यामागची टोकं. मांडीच्या हाडाचं खालचं टोक आठ-दहा मिलिमीटर कापून त्यावर कोबाल्ट-क्रोमची टोपी चढवतात. नडगीच्या हाडाचा माथा सपाट करून त्यावर धातूची बैठक येते आणि दोन्हींच्या मधे पॉलिथिलीनची, म्हणजे टणक प्लास्टिकची, चकती. म्हणजे दाताला कॅप बसवण्याच्या बरंच जवळ जाणारं काम. आता हाड कापायचं म्हटलं की करवत कुठल्या कोनात धरायची हे आधी ठरवावं लागतं.

याचं जुनं उत्तर न्यूयॉर्कमधलं. तिथल्या ‘हॉस्पिटल फॉर स्पेशल सर्जरी’त १९७४ मध्ये जॉन इन्सॉल, चित्तरंजन राणावत आणि अभियंते पीटर वॉकर यांनी आजच्या कृत्रिम गुडघ्याचा पूर्वज तयार केला. (अटलबिहारी वाजपेयींच्या गुडघ्यांवर २००० आणि २००१ मध्ये मुंबईच्या ब्रीच कँडीत शस्त्रक्रिया करणारे डॉ. राणावत ते हेच.) त्या काळातला नियम सोपा होता. खुब्याच्या मध्यापासून घोट्याच्या मध्यापर्यंत दोरी ताणली तर ती गुडघ्याच्या मधोमध जायला हवी आणि दोन्ही हाडं त्या रेषेला काटकोनात कापायची. भार एका बाजूला झुकला तर बैठक सैल होईल आणि प्लास्टिक झिजेल, ही धास्ती त्यामागे होती. अभियंत्याच्या नजरेनं ती रास्तच होती.

निसर्गानं मात्र काटकोन वापरलेला नाही. नडगीच्या हाडाचा माथा सरासरी तीन अंश आतल्या बाजूला उतरता असतो आणि मांडीचं हाड त्याची भरपाई करतं. चालताना आपली पावलं शरीराच्या मध्यरेषेजवळ पडतात, पाय किंचित तिरका होतो आणि गुडघ्याची सांधरेषा जमिनीला जवळपास समांतर येते. सर्जन हा उतार काढून टाकतात आणि तो हिशेब जुळावा म्हणून वरची टोपी तीन अंश बाहेर फिरवून बसवतात. सरासरी गुडघ्यात हे छान जमतं. फक्त शस्त्रक्रियेच्या टेबलावर सरासरी माणूस झोपलेला नसतो.

बेल्जियमच्या योहान बेलेमन्स यांच्या चमूनं गुडघ्याची काहीच तक्रार नसलेल्या २५० तरुण-तरुणींच्या पायांचे उभ्यानं, खुब्यापासून घोट्यापर्यंतचे एक्स-रे काढले. २०१२ मध्ये आकडे आले: ३२ टक्के पुरुष आणि १७ टक्के स्त्रियांचे पाय तीन अंश किंवा त्याहून जास्त धनुष्यासारखे बाहेर वाकलेले होते. वाढीच्या वयात जास्त खेळलेल्यांमध्ये हे प्रमाण अधिक होतं. म्हणजे ज्याला पुस्तकात ‘सरळ’ म्हणतात तसा पाय अनेकांना आयुष्यात कधीच नव्हता.

आता असा, विशीपासून तीन अंश वाकलेला माणूस घ्या. पासष्टीला आतली कुर्चा (हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत अस्तर) झिजून तो दहा अंशांवर येतो. सर्जन त्याला शून्यावर आणायला निघतात. हाडं कापून झाल्यावर मधल्या फटीत मापाचा ठोकळा घालून पाहतात. आतल्या बाजूला तो घट्ट बसतो, बाहेरच्या बाजूला डुगडुगतो. फट दोन्हीकडे सारखी व्हायला हवी, म्हणून आतला अस्थिबंध (लिगामेंट) हाडापासून थोडा सोडवतात किंवा सुईनं टोचून टोचून ढिला करतात. पाय सरळ होतो खरा. पण इतकी वर्षं ज्या ताणाची सवय होती, तो ताण उरत नाही.

कॅनडातल्या ओंटारिओमधल्या एका मोठ्या पाहणीत (२०१०) पाचातला जवळपास एक रुग्ण गुडघा बदलल्यावर समाधानी नव्हता. त्याचं सगळं खापर कोनावर फोडणं चूक ठरेल. अपेक्षा, मूळ दुखणं, मन, सगळंच त्यात येतं. पण त्याच वर्षी अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयानं सुमारे ४०० गुडघ्यांचा पंधरा वर्षांचा हिशेब मांडला. त्यात रेषेत बसवलेले गुडघे जास्त टिकले असं काही दिसलं नाही. जुन्या नियमाचा मुख्य आधारच हलला.

मग ज्याचा त्याचा मूळ कोन परत आणावा, असं म्हणणारे पुढे आले. त्यांच्या पद्धतीच्या चाचण्यांत कुठे थोडा फायदा दिसतो, कुठे काहीच फरक नाही. मला स्वतःला मधला मार्ग पटतो: मूळ ठेवण जपावी, पण फारच टोकाचा वाकडेपणा जसाच्या तसा पुन्हा घडवू नये. हल्ली जाहिरातींत रोबोट दिसतो. तो ठरवून दिलेला कोन हातापेक्षा नेमका कापून देतो. कोणता कोन, हे ठरवणं सर्जनकडेच राहतं.

कोनाइतकंच माप महत्त्वाचं. २००० साली मुंबईतल्या डॉक्टरांनी राणावतांसोबत भारतीय गुडघे सी.टी. स्कॅनवर मोजले, तेव्हा अनेक स्त्रियांचं मांडीचं हाड बाजारातल्या सर्वांत लहान टोपीपेक्षाही लहान निघालं. टोपी हाडाबाहेर तीन मिलिमीटर जरी डोकावली, म्हणजे रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवल्यावर होते तेवढी, तरी नंतरच्या दुखण्याची शक्यता जवळपास दुप्पट होते, असं एका अमेरिकी अभ्यासात आढळलं. आता मापं पुष्कळ वाढली आहेत. २००६ मध्ये खास ‘बायकांचा गुडघा’ही विक्रीला आला होता, पण चाचण्यांत त्याचा वेगळा फायदा काही ठळक दिसला नाही. बायका-बायकांतही फरक असतोच ना!

राहता राहिली एक अडचण. गुडघा झिजून वाकडा झाला असेल तर त्याचा तरुणपणीचा कोन कळणार कसा? झीज मुख्यतः कुर्चेची होते, हाडांचे मूळ उतार बरेचसे तसेच राहतात. सिडनीच्या सॅम्युएल मॅकडेसी आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये त्यावरच गुडघ्यांचे नऊ प्रकार पाडले. उभ्या एक्स-रेवर नडगीच्या माथ्याचा आतला कोन मोजायचा, मांडीच्या हाडाच्या टोकाचा बाहेरचा कोन मोजायचा आणि पहिल्यातून दुसरा वजा करायचा. समजा, पहिला ८५ आला आणि दुसरा ८८. उत्तर उणे तीन, म्हणजे धनुष्यासारखा तीन अंशांचा बाक. आज दहा अंश वाकलेला हा पाय विशीतही तीन अंश वाकडाच होता, आणि तेव्हा तो मजेत चालत होता.