दारं आणि पहिलं पान

आमच्या डब्यातल्या ग्रुपचे विषय ठरलेले: चौथी सीट, डीए, पोरांच्या अ‍ॅडमिशन, रविवारचा मेगाब्लॉक. दारांबद्दल कधी कुणी चकार शब्द काढला नव्हता. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलच्या दारात लटकलेली माणसं घासली जाऊन खाली पडली. त्या दिवशी चार जण गेले. दुसऱ्या दिवशी काकांनी चौघडी पेपर माझ्या नाकासमोर धरला.

"बघ, दारं बंदच करायला हवीत."

"अहो काका, मग आत गुदमरून मरायचं का?"

पुढे कितीतरी दिवस डब्यात दुसरा विषय नव्हता.

मुंबईच्या उपनगरी रेल्वेवर वर्षाला दोन हजारांहून जास्त माणसं मरतात. दिवसाला सरासरी सहा-सात. ही माणसं पेपरात आलीच तर आतल्या पानावर, तळाशी, दोन ओळींत. रोजचंच मरण, त्याची बातमी कशी व्हायची?

अमेरिकी अभ्यासक बर्नार्ड कोहेन यांनी १९६३मध्येच लिहिलं होतं की, लोकांनी काय विचार करावा हे वृत्तपत्रं फारसं ठरवू शकत नाहीत. कशाबद्दल विचार करावा, हे मात्र हमखास ठरवतात. मॅक्सवेल मॅककोम्ब्स आणि डोनाल्ड शॉ यांनी हे मोजून पाहिलं. १९६८च्या अध्यक्षीय निवडणुकीत चॅपेल हिल गावातल्या, मत कुणाला द्यायचं हे अजून न ठरलेल्या १०० मतदारांना त्यांनी विचारलं, देशापुढचे मोठे प्रश्न कोणते? दुसरीकडे बातम्यांनी कोणत्या प्रश्नाला किती जागा दिली, ते मोजलं. दोन्ही क्रम जवळजवळ तंतोतंत जुळले. १९७२च्या त्यांच्या निबंधापासून याला 'अजेंडा सेटिंग' म्हणतात.

पण इथे एक गोम आहे. लोकांना जे खुपतं तेच पेपरवाले छापत असतील तर? शांतो अय्यंगार आणि डोनाल्ड किंडर यांनी यावर छान युक्ती काढली. टीव्हीच्या बातमीपत्रांत गुपचूप कापाकापी करून एका गटाला त्यांनी आठवडाभर संरक्षणातल्या उणिवांच्या जादा बातम्या दाखवल्या, दुसऱ्याला प्रदूषणाच्या. आठवड्याअखेरीस ज्याने जे पाहिलं, त्याच्या यादीत तोच प्रश्न वर चढला होता. मला जास्त अस्वस्थ करतो तो पुढचा निष्कर्ष: राष्ट्राध्यक्षाचं काम तोलतानाही या लोकांनी तोच प्रश्न तराजूत टाकला. म्हणजे बातमी नुसता विषय देत नाही, मापही देते.

डब्यातही तेच चाललं होतं. मुंब्र्यानंतर रेल्वेला मार्क मिळायचे ते दारांवर. मग पाऊस लागला, रुळांवर पाणी आलं, गाड्या रखडल्या आणि मार्क पाण्यावर गेले. परवा मी काकांना विचारलं, "दारांचं पुढे काय झालं हो?"

"काहीतरी करणार होते ना?" म्हणत त्यांनी पान उलटलं. तेवढ्यात ठाणं आलं, आणि मागच्या गर्दीने मला उघड्या दाराकडे ढकललं.