साय-फाय रोलप्लेइंग आणि लांब बसलेला क्रू: हे सगळं आलं कुठून

आमच्या ऑनलाइन गेममध्ये नुकत्याच आलेल्या एका मित्राने विचारलं, हे असं हेडफोन लावून, लॅपटॉपसमोर बसून स्पेसशिपचा क्रू बनायचं लॉकडाऊनमध्येच सुरू झालं ना? बऱ्याच जणांना असंच वाटतं. पण घरोघरी कॉम्प्युटरसुद्धा नव्हते तेव्हापासून साय-फाय खेळणारी मंडळी लांब राहून एकत्र खेळायची धडपड करतायत, आणि माझं तर मत आहे की त्यांना ती करावीच लागली, दुसरा इलाजच नव्हता.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एक जण गेम मास्टर, तो जग सांभाळतो, बाकीच्यांचं एकेक कॅरेक्टर, सगळं बोलून चालतं आणि जिथे काय होईल ते नक्की नसतं तिथे फासे टाकायचे. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि या प्रकाराला छापील नियम मिळाले. तलवारी, जादू, गुहा. दोनच वर्षांत, १९७६ ला, 'डन्जन्स' छापणाऱ्या त्याच टीएसआर कंपनीने जेम्स वॉर्डचा 'मेटामॉर्फोसिस अल्फा' काढला, त्यात वॉर्डन नावाचं एक अवाढव्य जहाज आहे आणि आत राहणारे लोक पिढ्यानपिढ्या तिथेच जन्मलेले, आपण जहाजात आहोत हेच ते विसरलेत. मला ही कल्पना अजूनही जबरदस्त वाटते. त्याच वर्षी केन सेंट आंद्रेचा 'स्टारफेरिंग'पण आला.

पण खरा पाया घातला तो १९७७ च्या 'ट्रॅव्हलर'ने. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नॉर्मल नावाचं गाव आहे, तिथल्या गेम डिझायनर्स वर्कशॉपने तो छापला, मार्क मिलरने लिहिला, एका खोक्यात तीन छोटी काळी पुस्तकं. यातलं कॅरेक्टर तरुण आणि कोरं नसतंच मुळी. तुम्ही आधी नेव्हीत, मरीनमध्ये, स्काउटमध्ये किंवा व्यापारी जहाजांवर चार-चार वर्षांच्या टर्म काढता, प्रत्येक टर्मला फासे, आणि फासे वाईट पडले तर कॅरेक्टर गेम सुरू व्हायच्या आधीच मरतं. हो, बनवता बनवता. ऐकायला क्रूर वाटतं पण त्यामुळे जो वाचतो त्याला भूतकाळ असतो, चाळिशीतला, थकलेला, चार गोष्टी येणारा माणूस, आणि तो माणूस मग कर्जाने जहाज घेतो. जहाजाचे हप्ते ४० वर्षं, म्हणजे ४८० महिने, दर महिन्याला किमतीच्या २४०व्या भागाएवढे. आता विचार करा, राक्षस मारून खजिना आणायच्या गेमशेजारी कोणीतरी हप्ता भरायचाय म्हणून माल वाहायचा गेम ठेवला! आजही कितीतरी साय-फाय कॅम्पेन, म्हणजे महिनोन्‌महिने चालणारे सलग खेळ, याच टेन्शनवर चालतात.

अजून एक नियम मला या सगळ्या इतिहासासाठी फार महत्त्वाचा वाटतो. 'ट्रॅव्हलर'मध्ये प्रकाशापेक्षा वेगाने जाणारा रेडिओ नाहीच. जहाज एका ताऱ्याकडून दुसऱ्याकडे जंप मारतं, जंप कितीही पार्सेकची (ताऱ्यांमधलं अंतर मोजायचं एकक) असो, साधारण एक आठवडा लागतो, आणि बातमी पोचते ती जहाजाबरोबरच. म्हणजे पलीकडच्या ग्रहावर युद्ध सुरू झालं तरी इकडे कळायला आठवडे लागणार. गेममधलं अख्खं साम्राज्य टपालावर चालतंय.

आणि गंमत म्हणजे तेव्हाचे खेळाडूपण टपालावरच खेळत होते. रिक लूमिसने १९७० मध्ये पोस्टाने खेळायचे गेम चालवायला सुरुवात केली होती, त्यातून फ्लाइंग बफेलो ही कंपनी झाली, आणि १९७६ ला त्यांचा 'स्टारवेब' आला. १५ खेळाडू, २२५ ग्रह. तुम्ही कागदावर ऑर्डर लिहून पाठवायच्या, तिकडे कॉम्प्युटर सगळ्यांच्या ऑर्डर एकत्र चालवणार आणि निकालाचा प्रिंटआउट पोस्टाने घरी. हा पूर्ण रोलप्लेइंग गेम नव्हता हे मान्य, पण अनोळखी माणसांबरोबर अंतराळात पत्रांनी दोस्ती आणि दगाबाजी करायची सवय इथेच लागली.

आता करावीच लागली असं का म्हटलं ते सांगतो. फॅन्टसीचा, म्हणजे तलवारी-जादूवाल्या गेमचा, पसारा पहिल्यापासून मोठा होता, कॉलेजात, मित्रांत चार जण कुठेही सापडायचे. साय-फायला मात्र वर्षानुवर्षं धाकट्या भावाची जागा. टीएसआरने १९८२ ला 'स्टार फ्रंटियर्स' काढला, त्याच वर्षी फासा (FASA) नावाच्या कंपनीचा 'स्टार ट्रेक'वरचा गेम आला, १९८७ ला वेस्ट एंड गेम्सचा 'स्टार वॉर्स'. हा शेवटचा खूप गाजला, इतका की पुढे लेखक टिमोथी झानला त्या जगातल्या कादंबऱ्या लिहायच्या होत्या तेव्हा संदर्भ म्हणून याच गेमची पुस्तकं पाठवली गेली. तरीसुद्धा एखाद्या ठिकाणी 'ट्रॅव्हलर' खेळणारा तुम्ही एकटेच असायची शक्यता भरपूर. मग दुसरा कुठे आहे ते शोधायचं आणि तो दुसरा लांबच असायचा.

१९८८ ला माइक पॉन्डस्मिथचा 'सायबरपंक' आला, गोष्ट २०१३ सालातली. खेळाडू आता खेळात नेटवर्कमध्ये शिरत होते आणि खेळाबाहेर मोडेमवरून बुलेटिन बोर्डवर (फोन लाइनने जोडून निरोप ठेवायच्या कॉम्प्युटरवर) गप्पा मारत होते, आणि या दोन गोष्टींची टक्कर अगदी खरोखरची झाली. १ मार्च १९९० ला अमेरिकेच्या सीक्रेट सर्व्हिसने टेक्सासमधल्या ऑस्टिन इथे स्टीव्ह जॅक्सन गेम्सच्या ऑफिसवर छापा टाकला, कॉम्प्युटर उचलले, 'इल्युमिनाटी' नावाचा त्यांचा बुलेटिन बोर्ड चालवणारं मशीनपण नेलं आणि 'गर्प्स सायबरपंक' या त्यांच्याच नव्या गेमच्या पुस्तकाचा मजकूरही जप्त केला. कंपनीवर कधीच कोणताही गुन्हा दाखल झाला नाही. पण पुस्तक अडकल्यामुळे कंपनी बुडायच्या बेताला आली, निम्म्याच्या आसपास माणसं कमी करावी लागली. १९९३ ला कोर्टाने निकाल कंपनीच्या बाजूने दिला, ५०,००० डॉलर भरपाई आणि वर वकिलांचा खर्च. इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, जी आज डिजिटल हक्कांसाठी लढते, ती १९९० मध्येच उभी राहिली आणि ही तिच्या पहिल्या मोठ्या केसेसपैकी एक होती. बोर्डावर लोकांनी ठेवलेल्या खाजगी मेलला कायद्याचं संरक्षण आहे का, हा प्रश्न कोर्टात गेला तो साय-फाय गेम बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीमुळे. हे आपल्या छंदातल्या प्रत्येकाला माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

नव्वदच्या दशकात मग ईमेल, यूजनेट (नेटवरचे चर्चागट) आणि आयआरसी (टाइप करून लाइव्ह गप्पा). आयआरसी फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने १९८८ ला बनवलं, आणि लोकांनी त्यात फासे टाकणारे बॉट, म्हणजे छोटे प्रोग्राम, घातले. कारण मुख्य अडचण विश्वासाची होती, तू म्हणतोस सहा-सहा पडले, पण पाहिलं कोणी? ईमेलवाल्यांसाठी निकाल थेट सगळ्यांना मेल करणारे फाशांचे सर्व्हर निघाले. इथे 'ट्रॅव्हलर'ला एक आयता फायदा मिळाला, त्याचा ग्रह म्हणजे अक्षरं-आकड्यांचा एका ओळीचा कोड, स्पेसपोर्ट, आकार, हवा, पाणी, लोकसंख्या, सरकार, कायदा, तंत्रज्ञान, सगळं त्या ओळीत. टाइप करायला सोपं, प्रोग्रामने बनवायला त्याहून सोपं, त्यामुळे लोकांनी घरच्या कॉम्प्युटरवर अख्खे सेक्टर, म्हणजे ग्रहांनी भरलेले अंतराळाचे तुकडे, तयार करून एकमेकांना पाठवले.

लिहून खेळण्याचा सगळ्यात मोठा पुरावा म्हणजे 'द एक्सपान्स', साय-फाय कादंबऱ्या आणि त्यांवरची टीव्ही मालिका. टाय फ्रँकने ते जग आधी एका ऑनलाइन व्हिडिओ गेमसाठी रचलं होतं, तो बनलाच नाही, मग त्याने तेच जग प्ले बाय पोस्ट म्हणून मित्रांबरोबर नेटवर लिहून खेळलं, नंतर टेबलवरही चालवलं, तिथे डॅनियल एब्रहम खेळायला आला आणि म्हणाला याची कादंबरी होऊ शकते. पहिलं पुस्तक २०११ ला आलं, मालिका २०१५ पासून, आणि २०१९ मध्ये त्याच जगाचा छापील रोलप्लेइंग गेम आला, म्हणजे गोष्ट फिरून परत फाशांपाशी आली!

खेळात प्रत्यक्ष आवाज आला तो नेटवरून बोलायच्या २००३ च्या स्काइपने. २००४ ला फॅन्टसी ग्राउंड्स हे ऑनलाइन खेळायचं सॉफ्टवेअर आलं, नावात फॅन्टसी पण साय-फायवालेही वापरतात, आणि मग २०१२ चं रोल२०, जे कॉलेजातल्या तीन रूममेट्सनी लांब गेल्यावरही खेळता यावं म्हणून केलं. ब्राउजरमध्येच मॅप, फासे, कॅरेक्टर शीट (कॅरेक्टरच्या माहितीचं पान). २०१५ ला गप्पा मारायचं डिस्कॉर्ड, २०२० ला रोल२०सारखंच फाउंड्री. लॉकडाऊनमध्ये जी गर्दी आली ती या तयार जागांवर आली.

याच काळात गेमसुद्धा बदलले. केव्हिन क्रॉफर्डचा 'स्टार्स विदाउट नंबर' २०१० ला फुकट पीडीएफमध्ये मिळत होता, त्यामुळे पाच जण पाच ठिकाणी असले तरी सगळ्यांकडे तेच पुस्तक. २०१८ चा 'मदरशिप' आणि २०१९ चा 'एलियन' हे दोन्ही भीतीचे गेम, आणि ते ऑनलाइन मला टेबलपेक्षाही जास्त भावतात. गुहेत उतरलेली टोळी खांद्याला खांदा लावून असते, जहाजावरचा क्रू मात्र वेगवेगळ्या डेकवर असतो आणि एकमेकांना फक्त इंटरकॉमवर ऐकतो. हेडफोनमध्ये मित्राचा आवाज तुटतो, दोन सेकंद शांतता, तेव्हा अंगावर काटा येतो.

आम्ही स्वतः अजून 'ट्रॅव्हलर'च खेळतो, मॉन्गूस या प्रकाशकाची २०१६ ची आवृत्ती. गेममधल्या अंतराळाचा षटकोनी घरांचा जुना नकाशा आता वेबवर आहे, झूम करत करत अख्ख्या साम्राज्यात फिरता येतं. सेशन आठवड्यातून एकदाच जमतं, पाच जणांच्या वेळा त्याहून जुळतच नाहीत, म्हणून आम्ही शक्यतो जंप मारूनच थांबतो. जंपला आठवडा लागतो, आणि पुढच्या शनिवारी सगळे परत लॉगिन होतात तेव्हा जहाज नुकतंच बाहेर आलेलं असतं.